पुण्याला पहिल्यांदा येताना महिना कोणता निवडावा?

"पुण्याला कधी येऊ?" असे विचारले की बहुतेक पुणेकर "डिसेंबरात या" म्हणतात आणि विषय संपवतात. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. धुके आणि धबधब्यांची छायाचित्रे पाहून डिसेंबरात सिंहगडावर गेलेला पाहुणा वाळलेले गवत पाहून परततो. गणपती पाहायचे म्हणून ऑगस्टअखेरचे तिकीट काढून ठेवलेल्याला यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आहेत हे नंतर कळते. महिना आधी ठरवून मग काय पाहायचे ते ठरवले की अशी फसगत होते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे.

पहिली पायरी: कशासाठी यायचे ते ठरवावे

पुण्याला येणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काहींना शहर पाहायचे असते, म्हणजे शनिवारवाडा, पर्वती, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, जुन्या पेठा, कॅम्पातली खाण्याची ठिकाणे. काहींना शहर हा केवळ मुक्काम हवा असतो आणि खरी ओढ सिंहगड, राजगड, लोहगड, मुळशी, ताम्हिणी यांची असते. तिसऱ्या प्रकारचे लोक उत्सवासाठी येतात, मग तो गणेशोत्सव असो, पालखी सोहळा असो किंवा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव.

या तिन्हींचे ऋतू वेगळे आहेत. एवढेच नव्हे, तर शहरातल्या प्रत्येक ठिकाणाचाही स्वतःचा असा ऋतू आणि प्रहर असतो. शनिवारवाड्याचे उदाहरण घ्या. 1828 सालच्या आगीनंतर आतल्या इमारतींची केवळ जोती उरली. तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि बुरूज भक्कम आहेत, पण आत गेल्यावर सावली जवळजवळ नाहीच. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता तिथे लहान मुलांना घेऊन उभे राहणे ही शिक्षाच ठरते. याउलट बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पूर्णपणे छपराखाली आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यातली किंवा भर पावसातली दुपार तिथे निवांत घालवता येते. पर्वतीच्या 103 पायऱ्या सकाळी सातला चढल्या तर कोणत्याही ऋतूत सोप्या आणि दुपारी चढल्या तर मार्च ते मे या काळात जड. आपल्या यादीतील ठिकाणे उघड्यावरची जास्त की छपराखालची जास्त, एवढा एक हिशोब केला तरी निम्मा निर्णय होतो.

दुसरी पायरी: पुण्याला दोन हवामाने आहेत हे समजून घ्यावे

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेले आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि उरलेसुरले शहराच्या वाट्याला येतात. म्हणून शहरात वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. मुंबईचा पाऊस शहर पुण्याच्या सुमारे तिप्पट असतो. मुंबईकराला पुण्याचा पावसाळा म्हणजे भुरभुर वाटते ती यामुळेच.

याचा व्यवहारातला अर्थ असा की "पुण्यात मुसळधार पाऊस" ही बातमी वाचून घाबरण्यापूर्वी ती कुठल्या पुण्याची आहे ते पाहावे. भारतीय हवामान विभाग पुणे शहर आणि जिल्ह्याचा घाट विभाग यांचे इशारे वेगवेगळे देतो. घाटमाथ्यावर रेड अलर्ट असताना लक्ष्मी रस्त्यावर छत्री मिटवून खरेदी चाललेली असते, हे दृश्य जुलैत नेहमीचे आहे. उलटही खरे आहे. शहरात ऊन पडले म्हणून दुचाकी काढून ताम्हिणीकडे निघालेल्यांना पौडच्या पुढे पावसाने झोडपून काढलेले आहे.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगण्यासारखी आहे. शिवाजीनगरात हवामान विभागाची जी दगडी इमारत आहे, तिच्या चौकाला "शिमला ऑफिस चौक" म्हणतात. विभागाचे कार्यालय 1928 साली शिमल्याहून पुण्याला आले आणि पुणेकरांच्या तोंडी शिमला राहून गेला. नवख्या माणसाने रिक्षावाल्याला "वेधशाळा" सांगितले तरी चालते, पण "शिमला ऑफिस" म्हटले की रिक्षा लगेच वळते.

तिसरी पायरी: ऋतू एकेक करून तपासावेत

थंडी म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. शहर पाहायला येणाऱ्यांसाठी, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर, माझे मत निःसंशय याच काळाला आहे. दुपारी पारा 29-30 अंशांच्या आसपास राहतो, पहाटे 11-12 अंशांपर्यंत उतरतो आणि काही दिवस दहाच्याही खाली जातो. एकाच दिवसात वीस अंशांच्या आसपासचा हा फरक नवख्यांच्या लक्षात येत नाही. सकाळी साडेसहाला स्वेटर आणि मफलर घालून निघालेला माणूस अकरा वाजता ते सगळे हातावर टाकून फिरत असतो आणि हमखास कुठल्यातरी अमृततुल्याच्या बाकड्यावर विसरून येतो. शहरातही थंडी सारखी नसते. पाषाण, शिवाजीनगर या भागांत पहाट बोचरी असते, तर मगरपट्टा, वडगाव शेरी या बाजूला रात्रीचे तापमान काही अंशांनी जास्तच नोंदले जाते. थंडीचीच मजा घ्यायची असेल तर मुक्काम कुठे आहे यालाही महत्त्व आहे.

याच काळात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत दिसू लागते, शहराबाहेरच्या शेतांवर हुरडा पार्ट्या सुरू होतात आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात. भिगवण पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटर आहे. पहाटे निघावे, होडीतून पक्षी पाहावेत आणि दुपारच्या जेवणाला तिथलीच मासळी खाऊन परतावे, असा एक दिवस हिवाळ्याच्या सहलीत अवश्य राखून ठेवावा. संगीताची आवड असेल तर डिसेंबरातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या तारखा आधी पाहाव्यात. पंडित भीमसेन जोशी यांनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव अलीकडे मुकुंदनगरमध्ये होतो आणि रात्री मंडपात शालीशिवाय बसवत नाही. डिसेंबरातच भीमथडी जत्रा भरते, तर जानेवारीत बहुधा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो.

थंडीच्या बाजूने बोलताना एक तारीख मात्र सांगितली पाहिजे. 1 जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि त्या दिवशी नगर रस्त्यावरची वाहतूक मोठ्या प्रमाणावर वळवली जाते. अभिवादनाला जायचे नसेल तर रांजणगाव, शिरूर किंवा त्यापुढचा प्रवास दुसऱ्या दिवशी ठेवावा.

उन्हाळ्याला सगळेच नावे ठेवतात आणि मला ते थोडे अन्यायाचे वाटते. एप्रिलात दुपारी पारा 38 ते 40 अंशांपर्यंत चढतो हे खरे, पण हवा कोरडी असते आणि सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटला की शहर सैल पडते. नागपूर, अकोला, जळगाव इकडून येणाऱ्याला तर हा उन्हाळा सौम्यच वाटतो. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्याला घाम येत नाही याचेच नवल वाटते, पण त्यामुळे तो पाणी प्यायला विसरतो आणि डोके दुखू लागते. शाळेच्या सुट्टीमुळे ज्यांना एप्रिल-मेशिवाय इलाज नाही, त्यांनी दिवसाचे दोन तुकडे करावेत. सकाळी सहा ते साडेदहा हनुमान टेकडी, वेताळ टेकडी किंवा पर्वती, दुपारी संग्रहालय किंवा सरळ झोप आणि साडेपाचनंतर पेठा, मंडई, कॅम्प. पेठांतली कित्येक जुनी दुकाने अजूनही दुपारी एक ते चार बंद असतात. त्यावर विनोद पुष्कळ झाले, परंतु एप्रिलात ती प्रथा शहाणपणाची वाटू लागते.

उन्हाळ्याचे म्हणून जे मिळते ते इतर वेळी मिळत नाही. मार्केट यार्डात हापूसच्या पेट्या उतरतात, पेठांत आंब्याची मस्तानी मिळू लागते आणि एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमाला भरते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला आजही चालू आहे. दिवसभर फिरून थकलेल्या पाहुण्याने संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात तासभर बसून एखादे व्याख्यान ऐकले, तर पुणे म्हणजे काय याचा अंदाज चार वाडे पाहून येणार नाही इतका येतो. मेच्या दुपारी वळीव कोसळण्याची शक्यता असते. अर्ध्या तासात फांद्या पडतात, वीज जाते आणि मग मातीचा वास सुटतो. झाडाखाली गाडी लावू नये, एवढे पथ्य पाळावे.

पावसाळ्याबद्दल सविस्तर सांगावे लागेल, कारण सर्वाधिक आनंद आणि सर्वाधिक अपघात याच ऋतूत आहेत. मोसमी पाऊस साधारण 10 जूनच्या आसपास पुण्यात पोहोचतो, पण पोहोचला म्हणजे लगेच डोंगर हिरवे होतात असे नाही. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे ढग, चिकचिक आणि उघडीप यांचे असतात. धबधब्यांसाठी यायचे असेल तर जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरावा. हिरवळ हवी, पण भिजायचे नाही, अशांनी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर पाहावा. मला स्वतःला हाच काळ सर्वांत आवडतो. पावसाच्या सरी तुटक झालेल्या असतात, गडाच्या वाटा वाळू लागतात आणि सोनकी फुलायला लागते. सप्टेंबरातच साताऱ्याजवळचे कास पठार बहरते. तिथे मात्र आगाऊ नोंदणी करूनच जावे.

पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रविवारी सिंहगडाच्या घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि लोणावळ्यात भुशी धरणाकडे जाणारा रस्ता तुंबतो. तोच सिंहगड मंगळवारी सकाळी गाठला, तर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही देणाऱ्या मावशी दोन घटका गप्पाही मारतात. निघण्यापूर्वी त्या दिवशीचे प्रशासनाचे आदेश पाहावेत. घाटात दरडी कोसळण्याचा धोका असला की सिंहगड रस्ता आणि धबधब्यांची ठिकाणे बंद केली जातात आणि त्या बंदीला कारण असते. जून 2024 मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी खाली काही मिनिटांत चढते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी ऊनसुद्धा असू शकते.

शहरातही पाण्याचा धडा वेगळा नाही. मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे आहेत. ती भरत आली की खडकवासल्यातून नदीत विसर्ग सोडला जातो आणि भिडे पुलासारखा सखल पूल तसेच नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. पुणेकर जुलैत "किती क्युसेकने सोडलंय?" असे एकमेकांना विचारतो, ते यामुळे. पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, तेव्हापासून या शहराने नदीकडे निर्धास्तपणे पाहिलेले नाही. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. सप्टेंबर उतरणीचा महिना असला तरी 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने दक्षिण पुण्यात माणसे दगावली. पाहुण्यांसाठी तात्पर्य साधे आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या किंवा ओढ्याकाठच्या तळमजल्यावर खोली घेऊ नये आणि गाडी नदीपात्रात लावू नये.

ऑक्टोबरविषयी फार सांगण्यासारखे नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते आणि दुपार चटके देते. दिवाळीतले दिवस यात पडले तर पहाटेच्या मैफली आणि सारसबागेतली गर्दी पाहावी, मात्र अनेक पुणेकर तेव्हा गावी गेलेले असतात आणि जेवणाची चांगली ठिकाणेही दोन-तीन दिवस बंद राहू शकतात.

चौथी पायरी: उत्सवासाठी येत असाल तर तारीख नव्हे, तिथी पाहावी

गणेशोत्सव भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सुरू होतो आणि इंग्रजी तारखेत तो तीन-चार आठवडे मागेपुढे सरकतो. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरवर गेली. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवरून आरक्षण करू नये. भिंतीवरची दिनदर्शिका उघडावी.

दहा दिवसांपैकी कोणते निवडावेत याचेही तारतम्य आहे. पहिल्या दोन दिवसांत अनेक मंडळांचे देखावे पूर्ण झालेले नसतात. पाचव्या दिवसापासून गर्दी चढत जाते आणि शेवटच्या तीन रात्री पेठांत पाय ठेवायला जागा नसते. लहान मुले बरोबर असतील तर तिसरा किंवा चौथा दिवस आणि वेळ सकाळची ठेवावी. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती व दगडूशेठ हलवाई गणपती एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. सकाळी आठला निघाले की अकरापर्यंत सगळे दर्शन निवांत होते. संध्याकाळी पेठांतले मुख्य रस्ते वाहनांना बंद होतात, त्यामुळे मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरणे सोयीचे. शेवटच्या रात्री याच स्थानकांवर गर्दी तुंबते, तेव्हा थोडे चालायची तयारी ठेवून स्वारगेट किंवा डेक्कन जिमखान्याहून जावे.

अनंत चतुर्दशीला शहरात येऊ नये. आधीच आलेले असावे. माझा मावसभाऊ एका वर्षी त्या दिवशी सकाळी सोलापूरहून स्वारगेटला उतरला. त्याची खोली नारायण पेठेत होती, म्हणजे एरवी रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. रिक्षावाल्याने सारसबागेच्या अलीकडेच "साहेब, इथून पुढे बाप्पाच" असे सांगून त्याला उतरवले. चाकाची बॅग गुलालातून आणि चपलांतून ओढत, ढोलपथकाच्या मागे मागे सरकत, दोन तासांनी तो पोहोचला तेव्हा बॅगेचे एक चाक टिळक रस्त्यावर राहिले होते. मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. ती पाहायची असेल तर आदल्या दिवशी यावे, परतीचे तिकीट नंतरच्या दिवसाच्या रात्रीचे काढावे आणि खोली लक्ष्मी रस्त्यापासून थोडी दूर घ्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या महिना-दोन महिने आधीपासून नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी चालतो. ज्यांना तो ऐकायचा आहे त्यांना उत्सवाची चव गर्दीशिवाय मिळते. ज्यांना शांतता हवी त्यांनी जुलै-ऑगस्टात डेक्कनच्या नदीकाठाला मुक्काम करू नये.

पालखी सोहळ्याचेही गणित तिथीचेच. तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि ज्ञानेश्वर महाराजांची अष्टमीला आळंदीहून निघते. दोन्ही पालख्या पुण्यात येऊन मुक्काम करतात, पहिली नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात, दुसरी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या मंदिरात. नंतर माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. पहिल्यांदा येणाऱ्याने दिवे घाटाचा दिवस निवडावा, पहाटेच हडपसरपर्यंत पोहोचावे आणि पुढे वारकऱ्यांबरोबर चालावे. गाडीने घाटात जाण्याचा विचारही करू नये.

पाचवी पायरी: मुक्काम आणि प्रवासाचे आरक्षण ऋतू पाहून करावे

लॉज आणि हॉटेलांचे दर हवामानावरून ठरत नाहीत. ते लग्नाच्या तिथी, प्रवेशप्रक्रिया आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांवरून ठरतात. जून-जुलैत महाविद्यालयीन प्रवेशासाठी पालक येतात, तेव्हा डेक्कन, शिवाजीनगर, कोथरूड भागात स्वस्त खोल्या लवकर भरतात. जोडून सुट्टी आली की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटात कोंडी ठरलेली आहे. मुंबईहून येणाऱ्यांसाठी रेल्वे बरी. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आजही संध्याकाळी मुंबईहून निघते आणि रात्री साडेआठच्या सुमारास पुण्यात पोहोचते. मात्र अतिवृष्टीत घाटातली रेल्वे वाहतूक विस्कळीत होते. जुलैत विमान किंवा पुढची गाडी पकडायची असेल तर मधे एक रात्र मोकळी ठेवावी.

सहावी पायरी: सामान बांधताना

जून ते सप्टेंबर छत्रीपेक्षा रेनकोट उपयोगी, कारण घाटमाथ्यावर वारा छत्री उलटी करतो. गडावर जाणार असाल तर तळ झिजलेले बूट घरीच ठेवावेत, कारण शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर तेच आधी दगा देतात. हिवाळ्यात एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा दोन पातळ थर बरे पडतात. उन्हाळ्यात टोपी आणि पाण्याची बाटली पुरते. बाटली भरून मागायला पेठेतल्या दुकानात संकोच करू नये, फक्त एक ते चारच्या आत दार वाजवू नये.